धाकलूमामांच्या जागी

कुंभिवलीच्या नवजीवन फुटबॉल संघाची मीटिंग साईनाथच्या टायरच्या दुकानात भरायची, कारण तिथे बसायला टायर भरपूर. त्या जानेवारीत सात जण सात टायरांवर बसले होते, आणि विषयच असा होता की सातही जण खाली बघत होते. संघाचा मॅनेजर बदलायचा होता.

मॅनेजर म्हणजे धाकलूमामा. आज-काल नाही, एकतीस वर्षं. मामा खोपोलीकडच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या एका मल्याळी फोरमननं जेवणाच्या सुट्टीत त्यांना फुटबॉलचा नाद लावला आणि मामांनी तो गावात आणला. इकडे सगळी कबड्डी आणि क्रिकेटवर जीव टाकणारी माणसं. मामांनी भात कापलेल्या शेतात चार बांबू रोवून पोरं जमवली तेव्हा लोक पोट धरून हसले. मग नवजीवननं तालुक्याची ढाल आणली आणि हसणारेच ती डोक्यावर घेऊन नाचले.

पण आता दोन वर्षं झाली, संघ पहिल्याच फेरीत हरून घरी येत होता. त्यात जिल्हा लीगवाल्यांनी नवा नियम काढला, की मैदानाच्या कडेला बाकावर बसणाऱ्या मॅनेजरकडे प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट पाहिजे. मामांकडे सातवी पासचा दाखला होता, आणि तोही वाळवीनं अर्धा खाल्लेला.

तर आता नवा मॅनेजर निवडायचा कसा? एकानं सुचवलं, चिठ्ठ्या टाका. दुसरा म्हणाला, काही येत नसलं तरी चालेल पण माणूस गावचाच पाहिजे. तिसऱ्यानं आपल्या मेव्हण्याचं नाव काढलं. मेव्हणा व्हॉलीबॉल खेळायचा. तासभर असं दळण चाललं. शेवटी सेक्रेटरी प्रवीण म्हणाला, "कर्जतला शाळेवर अनुपम सर हायत. खेळाचे मास्तर. सर्टिफिकेट हाय, कॉलेजात असताना युनिव्हर्सिटीकडनं खेळलेत. मी बोललोय, यायला तयार हायत."

निर्णय चुकीचा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग साईनाथनं विचारलं, "पन मामांना सांगनार कोन?"

तेवढ्यात हायवेवरून एक ट्रक पंक्चर होऊन आला आणि साईनाथ इतक्या आनंदानं उठला की जणू पाहुणाच आलाय. बाकीच्यांनी प्रवीणकडे बघितलं. प्रवीण अडतीस वर्षांचा, पॅकिंगच्या कंपनीत शिफ्टवर जाणारा, एके काळचा संघाचा गोलकीपर. त्याचे वडील तो नववीत असताना गेले. त्यानंतर त्याला उभा केला तो मामांनीच. पायात बूट त्यांनी घातले, दहावीच्या फॉर्मवर सही त्यांनी केली, लग्नात मुलाकडून पाहुणे सांभाळायला तेच उभे होते. मामांना ही गोष्ट सांगायची तर प्रवीणनंच, आणि सांगायची नाही तरी प्रवीणनंच, अशी त्याची गत.

"तुज्यावर त्यांचा जीव हाय," साईनाथ पान्हा पुसत परत आला. "तू सांगितलंस तर ऐकतील. आनि आपन त्यांचा एकदम दणक्यात सत्कार करू. सव्वीस जानेवारीला टुर्नामेंट चालू होतेय ना, त्याच्या आदी. शाल, नारळ, मानपत्र, सगळं."

सगळ्यांचे चेहरे उजळले. आपल्याकडे माणसाला खुर्चीवरून उठवायचं असलं की आधी त्याच्या खांद्यावर शाल टाकतात. शाल टाकली की सांगायचं ते सांगून झालं असं सगळ्यांना वाटतं. सत्कार ठरला तेव्हा प्रवीणच्याही छातीवरचा भार उतरला. चूक झाली ती तिथेच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रवीण मामांच्या घरी गेला तेव्हा मामा ओट्यावर पाय पसरून गोलची जाळी शिवत बसले होते. त्यांची बायको, जिला सगळे जयवंतामावशी म्हणायचे, आत वाल सोलत होती.

"ये रं," मामा म्हणाले. "ह्ये टोक धर जरा."

प्रवीणनं टोक धरलं. घरून निघताना त्यानं वाक्य तयार केलेलं होतं. रस्त्यानं चार वेळा म्हणूनही बघितलं होतं.

"मामा, काल कमिटीत विषय निघाला."

"कसला?"

"मॅनेजरचा."

मामांचा हात थांबला. सुई जाळीत तशीच राहिली. त्यांनी चष्म्यावरून वर बघितलं, आणि प्रवीणचं तयार वाक्य घशात गेलं ते गेलंच. तोंडातून दुसरंच आलं. "म्हंजे, पुडं कदीतरी... तुमच्यानंतर... मॅनेजर कसा निवडावा, त्याचं तुमी मार्गदर्शन करावं, असं कमिटीचं म्हननं हाय."

मामांनी चष्मा काढला. "मला इचारलं? कमिटीनं?"

"हो."

"आगं ऐकलंस का," मामांनी आत हाक मारली. "कमिटीनं मला इचारलंय, पुडचा मॅनेजर कसा निवडावा म्हनून." मग प्रवीणकडे वळून म्हणाले, "एकतीस वर्सं झाली रं. जाळी आना, चुना मारा, पोरं गोळा करा, समदं सांगितलं मला. पन तुमाला काय वाटतं, असं कवा कोनी इचारलं नव्हतं. पयल्यांदा इचारलं." त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. "घाई काय नाय, अजून धा वर्सं तरी मी हायच. पन यावर ईचार केला पायजे. ह्ये एका दिसाचं काम नाय."

मामा इतके खूश झाले की प्रवीणला जेवल्याशिवाय सोडेनात. तो वालाचं बिरडं आणि भाकरी जेवला आणि तोंड न उघडता घरी गेला.

त्यानंतरचे दिवस प्रवीणला फार वाईट गेले. एखादं खोटं बोललं की माणूस गप्प तरी बसतो. इथे खोटं मामांनी उचलून मनावर घेतलं होतं. रोज संध्याकाळी सराव संपला, पोरं पांगली की मामा त्याला बाकड्यावर बसवायचे आणि त्या दिवशी काय सुचलं ते सांगायचे.

एकदा म्हणाले, "हौस कोनाला हाय, ह्ये इचारूच नका. हौस समद्यांना असते. हरल्यावर जाळी कोन गुंडाळतो त्ये बगा. जिंकल्यावर काय, परका मानूस पन गुंडाळील."

दुसऱ्या दिवशी ते पोरांकडे बघत बसले. मग म्हणाले, "पोरगं सकाळी खाऊन आलंय का उपाशी, ह्ये त्याच्या धावन्यावरनं कळाया पायजे. सर्टिफिकेटात ह्ये शिकवतात का रं?"

"माहीत नाय मामा."

"शिकवत असतील तर सर्टिफिकेट चांगलंच म्हनायचं."

त्या दिवशी सांगायला जागा होती. सर्टिफिकेटचा विषय स्वतः मामांनीच काढला होता. प्रवीणनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कोणाचा तरी चेंडू मैदानाशेजारच्या गोदामाच्या कंपाउंडवरून पलीकडे गेला. चेंडू काय, रोजच जायचा. पण प्रवीण तो आणायला असा धावला की वॉचमननंही विचारलं, काय झालं म्हणून.

आणि मग एका संध्याकाळी मामांना त्यांचं मुख्य सूत्र सापडलं. "कप्तानाला इचारू नका," ते म्हणाले. "कप्तान खेळनारच असतो. बाहेर बसवलेल्या पोराला इचारा. त्याला म्हना, बाबा, तुला बाहेर बसवनारच हायत, तर कोनी बसवलेलं चालंल? तो ज्याचं नाव घील तो मॅनेजर."

प्रवीणला यातलं प्रत्येक अक्षर कळलं, कारण मामांची रीत त्याला ठाऊक होती. एकतीस वर्षांत मामांनी संघाची यादी कधी फळ्यावर लावली नव्हती. ज्याला वगळायचं त्याच्या घरी ते आदल्या संध्याकाळी जायचे आणि तोंडावर सांगायचे, उद्या तू नाय. मग तिथेच बसून राहायचे. पोरगं चिडलं तर चिडू द्यायचे, रडलं तर रडू द्यायचे, घरच्यांनी बोल लावले तर ऐकून घ्यायचे. प्रवीण स्वतः सतराव्या वर्षी फायनलमधून बाहेर बसला होता. बोट सुजलेलं त्यानं लपवलं होतं. मामा घरी आले, आईच्या हातची सुकट-भाकरी खाल्ली आणि सांगितलं. प्रवीण रागानं मागच्या दारी जाऊन बसला, तर मामा तिथेही येऊन बसले. बोलले काही नाहीत. त्या रात्री प्रवीणला झोप लागली होती, हे त्याला अजून आठवत होतं.

जयवंतामावशीनं त्याला गावच्या गिरणीजवळ गाठलं. डोक्यावर दळणाचा डबा, आणि डोळे थेट त्याच्या डोळ्यांत.

"समद्या गावाला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मला गिरनीत कळलं. एक आमच्या घरातल्या मानसालाच म्हाईत नाय."

प्रवीणनं डबा उतरवून घ्यायला हात पुढे केला. तिनं तो घेऊ दिला नाही.

"मी नाय सांगनार. माज्या तोंडून ऐकलं तर त्यांना वाटंल, परवीनला हिम्मत झाली नाय. तुज्या तोंडून ऐकू दे. लागंल त्यांना, पन पचंल." डबा सावरत ती पुढे गेली आणि परत वळली. "सव्वीस तारखेच्या आदी सांग रं बाबा. स्टेजवर कळलं तर मानूस मोडंल माजा."

"सांगतो मावशी," प्रवीण म्हणाला. आणि तेव्हा तो खरं बोलत होता. सांगायचंच ठरवलं होतं त्यानं.

त्याच आठवड्यात अनुपम सरांचा फोन आला. माणूस सरळ. त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "प्रवीण, मामांना कल्पना आहे ना? त्यांना न विचारता मी येतोय, असं व्हायला नको."

"आहे ना सर," प्रवीण म्हणाला. "त्यांनी स्वतःच सांगितलं, आता कोणीतरी शिकलेला माणूस बघा."

"मोठं मन आहे हो. मग असं करू, सव्वीसच्या सामन्याची टीम त्यांनाच निवडू दे. शेवटची त्यांची."

फोन ठेवल्यावर प्रवीणनं स्वतःची समजूत घातली, की आज सांगितलं की हे खोटं आपोआप खरं होईल. मामा ऐकतील, थोडे रुसतील आणि मग तसंच म्हणतील. म्हणजे आपण खोटं बोललो नाही, फक्त जरा आधी बोललो. माणसाचं डोकं अशा वेळी फार चालतं.

पंचवीस तारीख उजाडली. संध्याकाळी मामा म्हणाले, "गाडी काड. शिळफाट्याला जायचंय, ओमकारकडं."

ओमकार एकोणीस वर्षांचा, संघाचा सगळ्यात पळणारा गडी. त्याची आई आवडी शिळफाट्याच्या बाजारात भाजी विकायची. दोघे घरी पोचले तेव्हा ती टोपल्या धूत होती आणि ओमकार बुटांना पॉलिश करत होता. मामा खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ओमकार, उद्या तू पयल्या अकरांत नाय."

ओमकारनं ब्रश खाली ठेवला.

"तुजा घोटा दुकतोय. तू दाबून धावतोस. उद्या खेळलास तर सा म्हैने बसशील."

"नाय दुकत," ओमकार म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "उद्या कर्जतवरनं लोक येनार हायत बगायला. तुमी मुद्दाम करताय."

"रागव. माज्यासमोर रागव. म्हनून तर आलोय. उद्या चारचौगांत तुजं तोंड उतराया नको."

आवडीनं चहा टाकला. ओमकार भिंतीकडे तोंड करून बसला. मामांनी एक चहा घेतला, मग दुसरा घेतला. पाऊण तासानं पोरगं इकडे वळलं आणि रडक्या आवाजात विचारलं, "दुसऱ्या म्याचला घ्याल ना?" मामा म्हणाले, "घोटा बरा झाला तर घीन. नाय झाला तर परत येऊन सांगीन." तेव्हा कुठे मामा उठले.

प्रवीण दाराशी उभा राहून हे सगळं बघत होता. त्याला आत बसवेना.

परत येताना त्यानं मनाशी पक्कं केलं, की गाडीवरच सांगायचं. समोर रस्ता असतो, मामा मागे बसलेले असतात, डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. यापेक्षा सोपी जागा मिळणार नाही. पण शिळफाट्याच्या नाक्यावर मामांनीच त्याच्या खांद्यावर थाप मारली. "थांब थांब."

नाक्यावर सत्काराचा फ्लेक्स लागला होता. हात जोडलेले मामा, चांगले पुरुषभर उंच. खाली मोठ्या अक्षरांत 'एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल कृतज्ञता सोहळा'. मजकूर प्रवीणनंच लिहिला होता, आणि निवृत्ती हा शब्द कुठेही येणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती. मानपत्रातही घेतली होती.

मामा गाडीवरून उतरले आणि फ्लेक्सखाली उभे राहिले. बाजूनं टेंपो जात होते, धूळ उडत होती. "टोपी वाकडी हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "येवडं कशाला रं करायचं? मानसं मेल्यावर लावतात असा."

"लोकांचं प्रेम हाय मामा."

मामा वळले. दिवे नुकते लागत होते. "परवीन, तुला काय सांगायचं हाय का मला? पंधरा दिस बगतोय. माज्याशी बोलताना तू खाली बगतोस."

यापेक्षा अधिक काय करायचं माणसानं? दार स्वतःच्या हातानं उघडून दिलं होतं मामांनी. प्रवीणला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. त्यानं फ्लेक्सकडे बघितलं, मामांच्या तोंडावरचं ते अर्धवट हसू बघितलं, आणि त्याला वाटलं, एवढे खूश आहेत, आजची संध्याकाळ राहू दे. उद्या सकाळी लवकर जाऊन सांगू.

"नाय मामा," तो म्हणाला. "शिफ्टचा ताण हाय जरा."

"बरं," मामा म्हणाले आणि गाडीवर बसले.

सकाळी लवकर प्रवीणला मंडपवाला भेटला, मग स्पीकरवाला भेटला, मग झेंड्याची दोरी अडकली. कामं खरी होती. पण ती दुसरं कोणीही करू शकलं असतं, आणि हे त्यालाही माहीत होतं.

साईनाथच्या टेंपोचं फाळकं पाडून त्याचं स्टेज केलं होतं. झेंडावंदन झालं. मामा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. मावशी बायकांत पहिल्या रांगेत बसली होती, पदर घट्ट धरून. तिनं दुरून प्रवीणकडे बघितलं आणि मानेनंच विचारलं. प्रवीण स्पीकरची वायर नीट करायला खाली वाकला.

शाल झाली, नारळ झाला. साईनाथनं मानपत्र वाचलं, दोन ठिकाणी अडखळला. मामा खुर्चीवर ताठ बसून ऐकत होते. मग अनुपम सरांनी माईक घेतला.

"आजचा दिवस माझ्यासाठी मोठा आहे," सर म्हणाले. "मामांची जागा घेणं मला जमणार नाही. फक्त त्यांचं काम मी पुढे चालवणार आहे. मला सगळ्यात काय आवडलं सांगू? कोणी सांगायच्या आधी मामांनी स्वतःहून ठरवलं, की आता मॅनेजर म्हणून कोणी शिकलेला माणूस यावा. प्रवीणनं मला हे सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला होता. आज समोर करतो."

सर वाकले आणि त्यांनी मामांच्या पायाला हात लावला. टाळ्या सुरू झाल्या. आशीर्वादाला उचललेला मामांचा हात सरांच्या डोक्यावर यायच्या आधीच थांबला होता. तो तसाच राहिला, मग हळूच खाली आला.

मामांनी साईनाथकडे बघितलं. साईनाथ हारातला दोरा सोडवत होता. त्यांनी पोरांकडे बघितलं. एकरंगी जर्सी घालून सोळा पोरं उभी होती आणि सोळाही पोरं आपापल्या बुटांकडे बघत होती. मग त्यांनी पहिल्या रांगेत बायकोकडे बघितलं. तेव्हा त्यांना पुरतं कळलं. सगळ्यात शेवटी त्यांनी प्रवीणकडे बघितलं, अगदी थोडा वेळ.

कोणीतरी माईक त्यांच्या हातात दिला.

"सर बोलले त्ये खरं हाय," मामा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "मीच म्हनलो परवीनला, आता कोनी शिकलेला मानूस बगा. एकतीस वर्सं झाली, बास झालं. पोरांनो, सरांचं ऐका. सर, तेवडा ओमकारचा घोटा बगा, त्याला घाईनं उतरवू नका." ते थांबले. खिशात त्यांनी एक घडी केलेला कागद आणला होता. त्याकडे हात गेला, आणि रिकामाच परत आला. "बाकी काय नाय. खेळ चालू करा."

बायका डोळे पुसत होत्या. आनंदाचा प्रसंग असा त्यांचा समज. प्रवीणला त्या टाळ्या ऐकवेनात. मामांनी त्याला सगळ्या गावासमोर वाचवलं होतं, आणि त्यापेक्षा त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली असती तर त्याला सोसलं असतं.

टेंपोच्या मागे मामा शालीची घडी घालत उभे होते. प्रवीण तिथे गेला. मैदानावर पोरं रांगेत उभी राहत होती.

"मामा, मी सांगनार व्हतो."

"कवा?"

मामांनी शालीची कड कडेला लावली.

"मला काडला त्याचं काय नाय रं," ते म्हणाले. "सर्टिफिकेट नाय. दोन वर्सं हरतोय. मला डोळे हायत. मानूस पन बरा निवडलाय तुमी, त्याच्या बोलन्यावरनं कळतंय. तू ओट्यावर येऊन म्हनला असतास, मामा, उद्यापास्नं तुमी नाय, तर मी चिडलो असतो. तुला दोन शिव्या दिल्या असत्या. मग मावशीनं चा केला असता. येवडंच झालं असतं."

"मला जमलं नाय मामा. खूप वेळा तोंडावर आलं व्हतं."

"काल नाक्यावर मी सोता इचारलं."

प्रवीण रडायला लागला. अडतीस वर्षांचा बाप्या, पण त्याला आवरेना. मामांनी खिशातला कागद काढला, उघडला नाही.

"कमिटीनं इचारलं व्हतं ना, पुडचा मॅनेजर कसा निवडावा. ईचार करून करून मी नाव काडलं. आज स्टेजवर सांगनार व्हतो." त्यांनी कागदाचे दोन तुकडे केले, मग चार. "तुजंच काडलं व्हतं. म्हनलं, सर्टिफिकेट काय, मिळवंल पोरगं. बरं झालं. कमिटीनं निसतं इचारलं, माजं ऐकत बसली नाय."

ते रागानं म्हणाले नाहीत. चेंडू गोलपोस्टाबाहेर गेला हे सांगावं तसं सरळ म्हणाले. मग जरा वेळानं, प्रवीणचं रडणं बघवेना म्हणून असेल, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. पन कमिटीनं इचारलं ना, त्येचं बरं वाटलं रं. एकतीस वर्सांत पयल्यांदा. त्ये पंधरा दिस फार चांगले गेले माजे."

प्रवीणच्या मनात आलं, आता तरी नाही. आता एक अक्षर खोटं ठेवायचं नाही. या माणसानं आयुष्यभर तोंडावर खरं सांगितलं, आपण निदान आता तरी सांगू. त्यानं डोळे पुसले, मान वर केली, मामांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "मामा, कमिटीनं इचारलंच नव्हतं. मी सांगायला आलो व्हतो, त्ये जमलं नाय म्हनून त्ये मीच बनवून सांगितलं."

पाठीवरचा हात निघाला.

मैदानात शिटी वाजली. मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते प्रवीणकडे बघत होते, आणि स्टेजवर जे दिसलं नव्हतं ते आता त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांचा खालचा ओठ थरथरत होता.

"तेवडं एक ऱ्हाऊ द्यायचं व्हतंस रं," ते म्हणाले.

ते मैदानाकडे गेले नाहीत. गोदामाच्या कुंपणाच्या कडेनं हायवेला निघाले. जयवंतामावशी पिशवीत नारळ घालून त्यांच्या मागून गेली. जाताना ती प्रवीणच्या अगदी जवळून गेली, पण थांबली नाही.